ऑक्साइड सिरॅमिकमधलं डोपिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदार्थविज्ञान शिकणाऱ्या आणि प्रयोगशाळेत पेलेट (पूड दाबून केलेल्या चकत्या) भाजणाऱ्या विद्यार्थ्यांकडून जे प्रश्न वर्षानुवर्षं येतात, ते इथे एकत्र केले आहेत. जिथे विषय खोल आहे तिथे उत्तर लांबलं आहे, बाकी ठिकाणी दोन ओळींत आटोपलं आहे.

डोपिंग म्हणजे मुद्दाम केलेली भेसळच ना?

हो, पण मोजून, आणि कुणाच्या जागी कोण बसणार हे ठरवून केलेली. ऑक्साइडच्या स्फटिकात प्रत्येक धातू-आयनाची जागा ठरलेली असते आणि त्याच्याभोवती ऑक्सिजन ठरावीक संख्येने असतात. त्या जागेवर आपण दुसऱ्या धातूचा आयन, म्हणजे डोपंट, बसवतो. तो मूळ आयनापेक्षा विद्युतभाराने, आकाराने किंवा चुंबकीय स्वभावाने वेगळा असतो. पुढे जे काही घडतं ते या तीन वेगळेपणांतून.

सिलिकॉनमध्ये फॉस्फरस घालतात तसंच हे असतं का?

सुरुवात तशीच आहे, शेवट तसा नाही, आणि हा फरक समजला की निम्मा विषय समजला.

सिलिकॉनमध्ये फॉस्फरसचा अणू बसला की त्याचा एक जादा इलेक्ट्रॉन मोकळा होतो. प्रकरण तिथेच संपतं. ऑक्साइडमध्ये मात्र स्फटिकाकडे हिशोब मिटवण्याचे अनेक मार्ग असतात. द्विभारी बेरियमच्या जागी त्रिभारी लँथेनम बसला, तर एक धन भार जास्त झाला. तो फेडायचा कसा? एक इलेक्ट्रॉन ठेवून घेता येतो, मग पदार्थ वाहक होतो. किंवा कुठेतरी एक धातू-आयन कमी करून, म्हणजे रिकामी जागा सोडून, भार जुळवता येतो. तसं झालं तर पदार्थ निरोधकच राहतो. उलट, कमी भाराचा आयन घातला तर एखादा शेजारी धातू आपली संयुजा वाढवतो, नाहीतर ऑक्सिजनची एखादी जागा रिकामी होते.

म्हणजे डोपंट तोच, टक्का तोच, तरी परिणाम उलटे होऊ शकतात. कोणता मार्ग निवडला जाईल हे भट्टीचं तापमान, भट्टीतला ऑक्सिजन आणि थंड करण्याचा वेग मिळून ठरवतात. म्हणून कुणी मला 'इतका टक्का अमुक घातलं' एवढंच सांगितलं, की मी आधी विचारतो, भाजलं कशात आणि थंड केलं कसं? हा हिशोब मांडण्यासाठी क्रोगर-विंक पद्धतीची चिन्हं वापरतात. ती पाठ करायला कंटाळवाणी वाटतात, पण एकदा हात बसला की चूक लगेच दिसते.

प्रमाणातही फरक आहे. सिलिकॉनमध्ये लाखात एक अणू म्हणजे बऱ्यापैकी डोपिंग. ऑक्साइडमध्ये हजारात एक ही सुरुवात असते आणि ३० टक्क्यांपर्यंतही जातात. हजारात एक म्हणजे किती? तिन्ही दिशांना सरासरी दर दहा एकक-कोषांनंतर एक डोपंट. बेरियम टायटनेटसारख्या जाळीत हे अंतर साधारण ४ नॅनोमीटर येतं.

शुद्ध ऑक्साइड सगळेच निरोधक असतात का?

नाही. ॲल्युमिना पक्का निरोधक आहे, पण रुथेनियम डायऑक्साइड धातूसारखा वाहक आहे. मॅग्नेटाइटमध्ये द्विभारी आणि त्रिभारी लोह शेजारी-शेजारी असल्यामुळे इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे उड्या मारतात आणि तोही बऱ्यापैकी वाहतो.

हिरवं निकेल ऑक्साइड लिथियम घातल्यावर काळं का पडतं?

हा माझा आवडता प्रयोग, कारण डोपिंग डोळ्यांनी दिसतं.

नीट शुद्ध निकेल ऑक्साइड फिकट हिरवं असतं आणि खोलीच्या तापमानाला उत्तम निरोधक असतं. खरं तर साध्या पट्टा-सिद्धांताने ते वाहक असायला हवं होतं, कारण निकेलची डी-कक्षा अर्धवट भरलेली आहे. १९३७ मध्ये डी बोअर आणि वेरवे यांनी हे कोडं मांडलं. एकाच निकेलवर एक जास्तीचा इलेक्ट्रॉन जमायला फार ऊर्जा लागते, म्हणून प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापल्या जागी अडकून राहतो, हा उलगडा पुढे मॉट यांच्या नावाने ओळखला गेला.

आता त्यात एकभारी लिथियम घाला आणि हवेत भाजा. लिथियमचा आकार निकेलला जवळचा, त्यामुळे तो जागेवर बसतो. एक धन भार कमी पडतो आणि स्फटिक तो 'होल', म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, तयार करून भरून काढतो. पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं की शेजारचं एक निकेल त्रिभारी होतं. हिशोबापुरतं ते बरोबर आहे. पण क्ष-किरण शोषणाच्या मोजमापांतून दिसलं की हा होल बराचसा ऑक्सिजनवर असतो. होल एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकू लागले की रोधकता कोट्यवधी पटींनी घसरते आणि हिरवी पूड काळी होते. वेरवे आणि सहकाऱ्यांनी १९५० च्या सुमारास या पद्धतीला 'नियंत्रित संयुजा' असं नाव दिलं. मला अजूनही 'डोपिंग'पेक्षा तेच नाव नेमकं वाटतं.

बेरियम टायटनेटमध्ये ०.२ टक्के लँथेनम घातलं तर ते वाहक होतं, पण १ टक्का घातलं तर पुन्हा निरोधक. माझं काही चुकलं का?

बहुतेक नाही. हे असंच होतं, आणि जवळजवळ प्रत्येक नवा विद्यार्थी इथे एकदा अडखळतो.

कमी प्रमाणात लँथेनमचा जादा भार इलेक्ट्रॉन फेडतात. टायटेनियमच्या जागी पंचभारी निओबियम घातलं तरी तेच. ०.१ ते ०.३ टक्क्यांच्या पट्ट्यात पेलेट निळसर करडा होतो आणि मीटरची सुई हलते. प्रमाण वाढलं की हवेत भाजलेल्या नमुन्यात दोन गोष्टी एकत्र घडतात. एक, जादा भार इलेक्ट्रॉनऐवजी धातू-आयनांच्या रिकाम्या जागा फेडू लागतात. दोन, कण, म्हणजे सिरॅमिक ज्या बारीक स्फटिकांचं बनलेलं असतं ते, वाढायचे थांबतात. मोठ्या कणांऐवजी बारीक कण राहतात, आणि थंड होताना ऑक्सिजन कण-सीमेवरून आत शिरून पूर्ण कणच निरोधक करून टाकतो. हाच नमुना ऑक्सिजन कमी असलेल्या वातावरणात भाजून बघा, तो वाहक निघेल.

या कमी डोपिंगच्या पट्ट्यातच आणखी एक विलक्षण गोष्ट दडलेली आहे. साधारण १२० अंश सेल्सिअसला, म्हणजे क्युरी तापमानाच्या (जिथे स्फटिकाचं स्वतःचं ध्रुवीकरण संपतं) वर गेलं, की या सिरॅमिकचा रोध काही दशक अंशांत हजारपटीने, कधी लाखपटीनेही वाढतो. १९५५ मध्ये हायमन, डॅम आणि क्लासेन्स यांच्या पेटंटमधून हा परिणाम पुढे आला आणि १९६१ मध्ये हायवांग यांनी कारण मांडलं. कण आतून वाहक असतो, पण कण-सीमेवर इलेक्ट्रॉन पकडून ठेवणाऱ्या जागा असतात, त्यामुळे तिथे विभवाचा बांध तयार होतो. क्युरी तापमानाच्या खाली परावैद्युत स्थिरांक प्रचंड असतो, शिवाय स्फटिकाचं स्वतःचं ध्रुवीकरणही सीमेवरचा भार बराचसा झाकतं, म्हणून बांध बुटका राहतो. तापमान ओलांडलं की ध्रुवीकरण जातं, परावैद्युत स्थिरांक घसरत जातो आणि बांध उंच होतो. रोध त्या उंचीवर घातांकाने अवलंबून असल्यामुळे उडी एवढी मोठी दिसते.

सीमेवरच्या त्या पकडणाऱ्या जागा तयार होण्यासाठी थंड होताना ऑक्सिजन मिळावा लागतो. तप्त पेलेट भट्टीतून झटकन बाहेर काढला तर तो वाहक निघतो, पण उडी जवळजवळ गायब असते. मँगनीजचा अगदी किंचित अंश घातला तर हीच उडी आणखी उंच होते. उडीचं तापमान हलवायचं असेल तर बेरियमच्या जागी थोडं स्ट्राँशियम घाला म्हणजे ते खाली येतं. शिसं घातलं तर वर जातं. स्वतःला आपोआप आवरणारे हीटर आणि जादा प्रवाह रोखणारे घटक यावरच चालतात.

डोपंट कुठल्या जागेवर बसणार हे कशावरून सांगायचं?

आधी आयनी त्रिज्या बघायची. लँथेनम मोठा, म्हणून बेरियमच्या जागी. निओबियम लहान, म्हणून टायटेनियमच्या जागी. अडचण मधल्या आकाराच्या आयनांची. यट्रियम, होल्मियम, डिस्प्रोसियम हे बेरियमपेक्षा बरेच लहान आणि टायटेनियमपेक्षा बरेच मोठे असल्यामुळे दोन्हीकडे बसू शकतात. बेरियमच्या जागी बसले तर एक भार जास्त, टायटेनियमच्या जागी बसले तर एक कमी. मिश्रणात बेरियम किंचित कमी ठेवलं तर ते बेरियमच्या जागेकडे झुकतात, टायटेनियम कमी ठेवलं तर त्या जागेकडे. निकेलचे इलेक्ट्रोड असलेले बहुस्तरीय कपॅसिटर ऑक्सिजन कमी असलेल्या भट्टीत भाजावे लागतात, आणि तिथे टिकाऊपणा आणण्यासाठी याच दुहेरी स्वभावाचा उपयोग करून घेतला जातो.

क्ष-किरण विवर्तनात दुसरी प्रावस्था, म्हणजे वेगळ्याच रचनेचा पदार्थ, दिसली. म्हणजे डोपंट वाया गेला?

बहुतेक वेळा ती वाईट बातमी असते. पण काही सिरॅमिकमध्ये डोपंटने आत न शिरणं हेच हवं असतं.

झिंक ऑक्साइडचा व्हॅरिस्टर, म्हणजे ठरावीक व्होल्टेजच्या वर एकदम वाहू लागणारा घटक, घ्या. मात्सुशिता कंपनीत मात्सुओका यांनी तो विकसित केला आणि त्यावरचा त्यांचा शोधनिबंध १९७१ मध्ये आला. त्यातल्या बिस्मथचा आयन झिंकच्या जागेपुढे फार मोठा आहे. तो जाळीत मावत नाही, म्हणून कण-सीमेवर जमा होतो. त्याच्यासोबत कोबाल्ट आणि मँगनीजचे अंश असले की प्रत्येक सीमेवर जवळपास ३ व्होल्टचा बांध उभा राहतो. त्याखाली प्रवाह नगण्य, त्याच्या वर पूर आल्यासारखा. प्रवाह व्होल्टेजच्या पन्नासाव्या घातात वाढत असेल, तर व्होल्टेज १० टक्क्यांनी वाढताच प्रवाह शंभरपटीहून जास्त होतो. घटकाचं एकूण व्होल्टेज किती हे दोन इलेक्ट्रोडमध्ये किती कण-सीमा येतात यावर ठरतं, म्हणून कणाचा आकार आवरायला अँटिमनी ऑक्साइड घालतात.

याच झिंक ऑक्साइडमध्ये ॲल्युमिनियम घातलं तर ते मात्र जाळीत बसतं, इलेक्ट्रॉन सोडतं आणि पारदर्शक वाहक थर मिळतो. एकच मूळ पदार्थ, एक डोपंट आत, एक बाहेर, आणि दोन अगदी वेगळी उपकरणं.

झिर्कोनियात यट्रिया घातल्यावर वाहतं कोण? इलेक्ट्रॉन?

नाही, ऑक्सिजनचे आयन. चतुर्भारी झिर्कोनियमच्या जागी दोन त्रिभारी यट्रियम बसले की ऑक्सिजनची एक जागा रिकामी होते. ८ मोल टक्के यट्रियाला हिशोब केला तर दर २७ ऑक्सिजन-जागांमागे एक रिकामी येते. शेजारचा ऑक्सिजन त्या जागेत उडी मारतो, त्याची जागा रिकामी होते, आणि असंच पुढे. १००० अंशांना वाहकता सेंटिमीटरमागे ०.१ सीमेन्सच्या घरात पोहोचते. घन इंधन-घट आणि ऑक्सिजन संवेदक त्यावर उभे आहेत.

यट्रिया आणखी वाढवलं तर वाहकता वाढायला हवी, असं वाटतं. ती घटते. रिकाम्या जागा आणि डोपंट एकमेकांना धरून बसतात आणि मोकळेपणाने फिरणाऱ्या जागा कमी होतात.

जस्त अचुंबकीय आहे. मग ते घातल्यावर निकेल फेराइटचं चुंबकन वाढतं कसं?

हे कुणालाही चकवणारं आहे, पण साध्या बेरीज-वजाबाकीने सुटतं.

फेराइटच्या स्पिनेल रचनेत धातूंना दोन प्रकारच्या जागा असतात. चार ऑक्सिजनमधली 'अ' जागा आणि सहा ऑक्सिजनमधली 'ब' जागा. दोन्ही गटांचे चुंबकीय आघूर्ण एकमेकांच्या विरुद्ध दिशेला असतात आणि आपल्या हाती फक्त फरक लागतो. नील यांनी १९४८ मध्ये हे मांडलं, आणि चुंबकत्वावरच्या कामासाठी त्यांना १९७० चं नोबेल मिळालं. निकेल फेराइटमध्ये 'अ' जागेवर एक त्रिभारी लोह, म्हणजे ५ बोर मॅग्नेटॉन (आघूर्ण मोजायचं एकक). 'ब' जागेवर एक लोह आणि एक निकेल, म्हणजे ५ आणि २ मिळून ७. फरक २.

जस्ताला 'अ' जागा आवडते. ते तिथे बसलं की तिथलं लोह 'ब' जागेवर ढकललं जातं. म्हणजे उणे बाजू हलकी झाली आणि अधिक बाजू जड. निकेलच्या एकूण आयनांपैकी जेवढा भाग जस्ताने बदलला त्याला क्ष म्हटलं, तर फरक २ अधिक ८ क्ष येतो. क्ष ०.२ असेल तर २ चे ३.६ होतात. अचुंबकीय आयन घालून चुंबकन जवळपास पावणेदोन पट!

पण हे सूत्र शेवटपर्यंत चालत नाही. 'अ' जागेवरचं लोह हेच 'ब' जागेवरच्या लोहांना एका दिशेला धरून ठेवतं. ते फार कमी झालं की 'ब' मधले आघूर्ण आपसातच वाकडे होऊ लागतात. म्हणून ०.४ ते ०.५ च्या आसपास शिखर येतं आणि मग घसरण. पूर्ण झिंक फेराइट तर खोलीच्या तापमानाला चुंबकाला दाद देत नाही. ते सुमारे १० केल्विनच्या खाली जाऊन प्रतिलोहचुंबकीय होतं, म्हणजे त्यातले आघूर्ण उलटसुलट लागून एकमेकांना पुरते खोडतात. शिवाय जस्त घालाल तसं क्युरी तापमानही, इथे ज्याच्या वर चुंबकत्व जातं ते, उतरत जातं, म्हणून जास्त चुंबकन हवं की जास्त तापमानापर्यंत टिकणारं, हे आधीच ठरवावं लागतं.

फेराइटचे विद्युत गुणधर्म डोपिंगने बदलतात का, की फक्त चुंबकीय?

दोन्ही. उच्च वारंवारतेला फेराइट वापरतात तेच मुळी त्याचा रोध जास्त, म्हणून भोवरा-प्रवाह कमी. मँगनीज-झिंक फेराइटमध्ये थोडं द्विभारी लोह राहतं आणि इलेक्ट्रॉनच्या उड्या सुरू होतात. तिथे कॅल्शियम आणि सिलिकाचे सूक्ष्म अंश घालतात. ते कण-सीमेवर निरोधक पापुद्रा तयार करतात आणि कणाच्या आतलं चुंबकत्व जवळपास तसंच राहतं. निकेल-झिंक फेराइटमध्ये लोह त्रिभारी ठेवता आलं तर रोधकता कितीतरी पटींनी जास्त मिळते, म्हणून मेगाहर्ट्झच्या वरच्या कामाला ते बरं.

विद्युत आणि चुंबकीय गुणधर्म एकाच डोपंटने एकत्र बदलतात, असं उदाहरण आहे का?

लँथेनम मँगनेट. याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही.

शुद्ध रूपात ते प्रतिलोहचुंबकीय निरोधक आहे, सगळं मँगनीज त्रिभारी. ३० टक्के लँथेनमच्या जागी द्विभारी स्ट्राँशियम घाला. तेवढंच मँगनीज चतुर्भारी होतं, आणि पदार्थ एकदम लोहचुंबकीय आणि धातूसारखा वाहक होतो, तेही साधारण ३७० केल्विनपर्यंत. याँकर आणि व्हान सांटेन यांनी १९५० मध्ये हे दाखवलं. पुढच्याच वर्षी झेनर यांनी कारण सुचवलं. त्रिभारी मँगनीजचा एक इलेक्ट्रॉन मधल्या ऑक्सिजनमार्गे चतुर्भारी मँगनीजकडे जातो, पण तो आपली फिरकी बदलत नाही. दोन्ही मँगनीजचे आघूर्ण एकाच दिशेला असतील तरच ही ये-जा सोपी. म्हणजे वाहकता आणि लोहचुंबकत्व एकमेकांना हात देतात.

आता स्ट्राँशियमऐवजी तेवढंच कॅल्शियम घाला. भार तोच, होलची संख्या तीच. तरी क्युरी तापमान शंभरेक केल्विनने खाली येतं. कारण कॅल्शियम लहान आहे, जाळी जास्त पिळली जाते, मँगनीज-ऑक्सिजन-मँगनीज कोन वाकतो आणि ये-जा अवघड होते. फक्त संयुजेचा हिशोब मांडून थांबणाऱ्याने हे उदाहरण जरूर बघावं. याच कॅल्शियम प्रकारात क्युरी तापमानाजवळ चुंबकीय क्षेत्र लावलं की रोध प्रचंड घसरतो. १९९३-९४ मध्ये पातळ थरांवरचे हे निकाल आले आणि हा जुना पदार्थ पुन्हा चर्चेत आला.

अतिवाहक सिरॅमिक हेही डोपिंगच का?

हो. लँथेनम कॉपर ऑक्साइड प्रतिलोहचुंबकीय निरोधक आहे. लँथेनमच्या जागी बेरियम घालून बेडनॉर्ट्झ आणि म्यूलर यांनी १९८६ मध्ये सुमारे ३० केल्विनच्या पट्ट्यात अतिवाहकता शोधली, आणि १९८७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. स्ट्राँशियम वापरलं तर तांब्याच्या तुलनेत २ टक्क्यांच्या आसपास प्रतिलोहचुंबकत्व मोडतं, १५-१६ टक्क्यांना अतिवाहकता शिखरावर असते आणि आणखी वाढवलं तर मावळते.

झिंक ऑक्साइडमध्ये कोबाल्ट घातलं, आणि नमुना खोलीच्या तापमानाला चुंबकीय निघाला. प्रसिद्ध करू का?

अजून नाही. या क्षेत्रात अशा कितीतरी निकालांची पुनरावृत्ती झाली नाही. कोबाल्टचे धातुरूप सूक्ष्म कण वेगळे झालेले असू शकतात आणि विवर्तनात ते दिसतही नाहीत. शिवाय बाहेरून येणारं लोह. एका ग्रॅम लोहाचं संपृक्त चुंबकन सुमारे २१८ ईएमयू (चुंबकीय आघूर्णाचं एकक) असतं, म्हणजे मायक्रोग्रॅमचा दहावा भागही तुमच्या मापकात ठळक दिसतो. २००४ मध्ये हाफ्नियम ऑक्साइडच्या थरांत चुंबकत्व सापडल्याचं जाहीर झालं. २००५ मध्ये दुसऱ्या गटाने दाखवलं की स्टीलच्या चिमट्याने थर हाताळला तरी तसाच संकेत येतो. प्लॅस्टिकचा चिमटा वापरा, डोपंटशिवायचा नमुना अगदी त्याच वाटेने नेऊन मोजा, आणि मगच बोला.

रोधकता कशी मोजू? मल्टिमीटर चालेल?

अंदाजापुरता. वाहक नमुन्याला चार-टोकांची पद्धत लागते, नाहीतर संपर्काचाच रोध मोजला जातो. सिरॅमिकसाठी इम्पीडन्स स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारतांना रोध मोजणं, शिकाच, कारण कण आणि कण-सीमा यांचा वाटा ती वेगळा करून दाखवते. वाहक इलेक्ट्रॉन आहेत की होल, हे सीबेक गुणांकाच्या, म्हणजे तापमानाच्या फरकाने निर्माण होणाऱ्या व्होल्टेजच्या, चिन्हावरून कळतं.

एकाच सूत्राने दोनदा नमुना बनवला, दोन्ही वेळा वेगळा निघाला. आता?

तराजूपासून सुरुवात करा. १० ग्रॅम बेरियम टायटनेटमध्ये ०.२ टक्के लँथेनम म्हणजे जेमतेम १४ मिलिग्रॅम लँथेनम ऑक्साइड. ही पूड हवेतली आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेते. ती पूर्ण हायड्रॉक्साइड झालेली असेल, तर १४ मिलिग्रॅममध्ये खरं ऑक्साइड फक्त १२ मिलिग्रॅम असतं आणि तुमचे ०.२ टक्के ०.१७ होतात. मी स्वतः एक अख्खा महिना भट्टीला दोष देत घालवला होता, आणि दोष अर्धवट उघड्या राहिलेल्या बाटलीचा होता. तेव्हापासून ही पूड आधी १००० अंशांना भाजायची, डेसिकेटरमध्ये थंड करायची आणि काढल्याबरोबर तोलायची. एवढं कमी प्रमाण असेल तर नायट्रेटचं माहीत संहतीचं द्रावण मोजून घालणं आणखी बरं, कारण खलात १४ मिलिग्रॅम पूड १० ग्रॅममध्ये सगळीकडे सारखी पसरवणं हाताने जमत नाही.